वाणात गेलेला अल्बम

झुलालनानांना ते कळलं संक्रांतीनंतरच्या सहाव्या दिवशी, तोतारामच्या एसटीडी बूथमध्ये. फोन जळगावहून होता आणि पलीकडे त्यांचा मुलगा पंडित होता.

"आबा, त्या शंभर कॅसेटी आपल्या घरीच शेतस ना?"

"शेतस ना. खाटखाले पडेल शेतस."

"मंग त्यातली एक काढून नीट ठेवा. कंपनी बंद पडली. मालकानं उरलेल्या बठ्ठ्या कॅसेटी पुसून त्यावर भजनं भरली. मूळ टेपसुद्धा पुसली. माझी स्वतःची होती ती मित्राच्या मशीननं खाल्ली."

"खाऊ दे," नाना म्हणाले. "चालनी नही ती चालनी नही."

"गाण्यांचं नही म्हणत मी. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं संपलं का आईचा आवाज शे. गेटवर असताना मी भरेल व्हता. तुम्ही ऐकला ना?"

काचेपलीकडून तोताराम त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"आयकना ना," नाना खोटं बोलले आणि फोन ठेवला.

नाना चाळीसगाव-धुळे लाइनवर एकतीस वर्षं गेटमन होते. पंडित त्याच गेटच्या खोलीत वाढला, पुढे पुण्याला जाऊन गिटार शिकला आणि स्वतःच गाणी लिहायला लागला. जळगावच्या एका छोट्या कंपनीनं त्याच्या आठ गाण्यांचा अल्बम काढला. नाव 'फाटक बंद'. स्टुडिओ केळीच्या वखारीमागे होता, त्यामुळे तिसऱ्या गाण्यात ट्रकचा हॉर्न आला. एका पेपरात चार ओळी छापून आल्या, त्यात लिहिलं होतं की अल्बममध्ये हॉर्न तेवढा वेळेवर वाजतो. जळगावात अल्बम चालला नाही, धुळ्यात चालला नाही. चाळीसगावात तोतारामनं बूथमध्येच पाच कॅसेटी विकायला ठेवल्या. एक खपली, ती गिऱ्हाइकानं बदलून नेली, आणि मग त्यानं पाचही परत पाठवल्या. "नाना, नावच असं दिलं," तो म्हणाला होता, "मंग गिऱ्हाईक मधमा येई कसं?"

कंपनीनं मानधन म्हणून पंडितला शंभर कॅसेटी दिल्या. त्यानं त्या बापाकडे आणून ठेवल्या. नानांनी एक लावली. पहिल्याच गाण्यात 'फाटक बंद, फाटक बंद' असं ओरडणं ऐकून त्यांना वाटलं, पोरानं आपल्या नोकरीची चेष्टा केली. त्यांनी टेप बंद केला. बायकोला, पुष्पाबाईंना, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि घरात कुठलाच आवाज त्यांना नको होता. आता त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

घरी येऊन त्यांनी खाटेखाली वाकून बघितलं. तिथं लसणाची एक जुडी होती. खोकी नव्हती.

ते तसेच शेजारच्या गल्लीत बहिणीकडे गेले. वच्छलाबाई अंगणात तीळ पाखडत होती.

"वच्छला, मन्या खोक्या कोठे गयात?"

"कोणत्या? कॅसेटीसन्या? भाऊ, त्या मी वाणले वाटी दिध्यात."

"वाणले?"

"हळदीकुंकूले यंदा काय वाटू म्हणून तुले इचारं ना मी. प्लास्टिकना डबा वाटी वाटी बाया कंटाळी गयात. तू पेपर वाची राह्यन्ता. 'ने' म्हणना."

नानांना आठवलं, 'ने' म्हटलं होतं. काय नेणार, ते ऐकलं नव्हतं.

"बठ्ठ्या?"

"ऐंशी आठे. वीस मन्ही पोर मंदा धुळाले लई गयी, तिना हळदीकुंकूले. भलत्या खूष व्हयन्यात बाया. कोरी कॅसेट कितली महाग शे."

"पन ती कोरी नही ना."

"मी सांगं ना त्यासले. वरन्या दोन खाचासवर चिकटपट्टी लावा, मंग पाहिजे ते भरा."

नाना पायरीवर बसले. ऐंशी घरांत ऐंशी बायका चिकटपट्टी लावून पुष्पाबाईंवर काहीबाही भरत बसल्या आहेत, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"एक तरी परत मांगी आन."

वच्छलाबाईनं सूप खाली ठेवलं. "वाण परत मांगू? भाऊ, माले गल्लीमा ऱ्हाणं शे. तुले कसाले पाहिजे आते? वरीसभर ढुंकी पाहं नही."

"पंडितले पाहिजे," नाना म्हणाले. खरं कारण त्यांच्या तोंडून बहिणीपुढेसुद्धा निघालं नाही. साठीच्या माणसानं, मला बायकोचा आवाज ऐकायचाय, असं सांगायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून ते स्वतःच निघाले. पहिलं घर बेबाबाईचं. बेबाबाईनं कॅसेट आनंदानं लावून दाखवली. दोन सेकंद गिटार वाजली आणि मग एक लहान मूल रडायला लागलं.

"नातू शे," बेबाबाई म्हणाली. "जवाई सुरतले मिलमा शे ना, त्यानी अजून पोऱ्या पाह्या नही. म्हणं आवाज तरी धाडू."

"दुसरी बाजू?"

"दुसऱ्या बाजूले बी तोच रडस. भलता दमना शे."

सहा दिवसांत हे, तर रथसप्तमीपर्यंत काहीच उरणार नाही. घाईघाईत त्यांनी सुचेल ते सांगितलं.

"बेबाबाई, बाकीच्यासले सांगी दे. कोन्हीच काही भरू नका. कंपनीनं कॅसेटी परत मांग्यात."

तोतारामची एसटीडीची टपरी तिथून चार पावलांवर होती. त्यानं दोन गोष्टी जोडल्या. सकाळी जळगावहून फोन आला, त्यानंतर नानांचं तोंड उतरलं. दुपारी नाना घरोघर कॅसेटी मागायला लागले, आणि तेही आपण पाच परत पाठवल्या त्याच कॅसेटी. संध्याकाळपर्यंत तोतारामला कारण सापडलं होतं. कॅसेटीत बक्षीस आहे. नंबर लागला की स्कूटर. कंपनी बुडाली म्हणून तिला आता ती द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी नानांना एकही कॅसेट मिळाली नाही. जी ती बाई म्हणे, सापडत नाही. एका घरात ती देव्हाऱ्यात दिसत होती, तरी सापडत नव्हती.

"अवं, बक्षीस नही शे," नाना चौकात उभं राहून म्हणाले. "स्कूटर नही, सायकल नही, काहीच नही."

"नाना, मंग तुम्ही कसाले फिरी राह्यनात?" एकानं विचारलं. नाना पुढच्या घराकडे वळले. त्यामुळे ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचाही बसला.

तिसऱ्या दिवशी धुळ्याहून मंदाचा फोन आला. तिकडे दोन स्कुटरी झाल्या होत्या. चौथ्या दिवशी वच्छलाबाई नानांकडे येऊन भिंतीला टेकून बसली. "बाया म्हणतस, वच्छलानी वाण दिधं आनि स्कूटर निंघनी तं भाऊले परत मांगाले धाडं. चाळीस वरीसमा माले असं कोन्ही बोलनं नही. भाऊ, खरं सांग. काय शे त्या कॅसेटमा?"

"काही नही," नाना म्हणाले. तिनं जेवण झाकून ठेवलं आणि निघून गेली. नानांनी त्या रात्री ते खाल्लं नाही. एका गोष्टीचा फक्त आधार होता. बक्षिसाच्या नादानं लोकांनी कॅसेटींवर भरणं थांबवलं होतं.

पाचव्या दिवशी तोही आधार गेला. बेबाबाई सकाळीच दारात येऊन म्हणाली, "नाना, चला. तोताराम बठ्ठासमोर कॅसेट वाजाडी राह्यना. नंबर गाणामा सांगेल शे म्हणे."

"कोणती कॅसेट?"

"गल्लीमा एकच राह्यनी म्हणतस कोरी. म्हणजे तशीनी तशी. बाकीन्यासवर पहिलेच काय ना काय भराई गयं. कोन्ही हरिपाठ, कोन्ही व्याहीसले निरोप."

नानांनी चपला उलट्या घातल्या. तोतारामचं मशीन साऱ्या गावाला माहीत होतं. लोक त्याच्याकडे कॅसेट दुरुस्तीला न्यायचे आणि टेप गळ्यात घालून परत यायचे.

ते पोचले तेव्हा टपरीपुढे पन्नास-साठ माणसं होती. कर्णा झाडाला बांधला होता. काहींच्या हातात वही-पेन्सिल होती. पहिली बाजू संपून दुसरी चालू होती आणि एवढी शांतता त्या चौकात गणपतीतही नसायची. पंडितचं एकेक गाणं लोक कान देऊन ऐकत होते, कुठं आकडा येतो का बघत होते.

"तोताराम, बंद कर. टेप तुटी जाई."

"नाना, दोनच गाणा राह्यनात."

"अरे, तुन्हं मशीन टेप खास ना."

"आज नही खावाव. कालदिनच मशीनना हेड धोयेल शे."

नाना मशीनपाशी उभे राहिले. फिरणाऱ्या चाकांवरची त्यांची नजर हलेना. मध्येच चाक जरा अडखळलं आणि गिटार खोल विहिरीतून आल्यासारखी वाजली, तेव्हा त्यांनी तोतारामचा खांदा धरला. चाक पुन्हा फिरायला लागलं. आठवं गाणं संपलं. कर्ण्यातून नुसती खरखर यायला लागली. लोक उठायला लागले.

"अहो," कर्णा म्हणाला, "गाडी गयी ना कव्हयनी. गेट उघाडा आते. चहा थंडा व्हई राह्यना."

नानांचा उजवा हात हवेत फिरला, एकतीस वर्षं फाटकाच्या चाकावर फिरायचा तसा.

"हाच," कोणीतरी म्हणालं. "यामाच नंबर शे. परत लाव."

तोतारामनं मागे नेऊन लावलं. "अहो, गाडी गयी ना कव्हयनी." लोकांनी शब्द मोजले. बारा भरले. कोणी म्हणालं, 'अहो' धरायचं नाही, अकराच. पुन्हा लावलं. पुष्पाबाई चौकाला पुन्हा म्हणाल्या, चहा थंडा व्हई राह्यना. तिसऱ्यांदा टेप मागे जाताना मशीनमधून बारीक किरकिर आली.

"आते पुरे," नाना म्हणाले. "नंबर नही शे तो. पंडितनी माय शे ती."

तोतारामनं बटण दाबलं, झाकण उघडलं. टेपचा एक वेढा चाकाला गुंडाळलेला होता. त्यानं पेन्सिल मागून घेतली आणि सुतातली गाठ काढावी तसा तो सावकाश सोडवला, कॅसेटमध्ये भरला आणि ती नानांच्या हातात दिली. ती ज्या बाईची होती ती समोरच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि मागितली नाही.

"नाना," बेबाबाई शेवटी म्हणाली, "इतलंच व्हतं तं पहिल्या दिनलेच सांगतात. मी पोऱ्याले दुसरी कॅसेटवर रडावती."

संध्याकाळपर्यंत वच्छलाबाईच्या ओट्यावर एकाहत्तर कॅसेटी येऊन पडल्या. हरिपाठ असलेल्या, निरोप असलेल्या, एकीवर नुसती गिरणीची घरघर. वाण परत घेत नाहीत, म्हणून तिनं प्रत्येकीला तिळाचा लाडू देऊन कॅसेट पुन्हा तिच्याच हातात दिली. भावाकडे आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मन्हापुढे तरी बोलता," एवढंच ती म्हणाली, आणि समोर बसून त्याला जेवायला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून तोतारामकडे लोक 'फाटक बंद' विकत मागायला लागले. पाचही परत पाठवल्या याचं त्याला आता फार वाईट वाटतं. "नाना," तो म्हणतो, "चौथं गाणं तुम्हनावरच शे ना? बठ्ठा गाव गाई राह्यना. कसं वाटनं तुमले?"

"बरं शे," नाना म्हणतात.

रोज चार वाजता ते चहा ठेवतात, कॅसेट लावतात आणि पुढे पळवत थेट शेवटाला नेतात. पुष्पाबाईंचं बोलणं झालं की बंद करतात आणि चहा पितात. पंडितला फोन करून कॅसेट सापडल्याचं त्यांनी सांगितलं. त्याची आठ गाणी मात्र नीट ऐकायची अजून राहिली आहेत.