एकोणिसावा नियम

आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीच्या पाडव्याला, नामदेव रामटेके यांचे 'कागद व कात्रणे ठेवण्याची पद्धत' हे पुस्तक नागपुरात प्रसिद्ध झाले. लेखक तेच, प्रकाशक तेच. पाने एकशे बारा. त्यांतली छप्पन्न कोरी होती.

कोरी पाने ही छापखान्याची चूक नव्हती. डावे पान नियमाला आणि उजवे पान वाचकाला, अशी योजना होती. वाचकाने नियम वाचावा, चूक सापडली तर समोर लिहावी आणि पुस्तकात ठेवलेले पोस्टकार्ड पेटीत टाकावे. कार्डावर रामटेक्यांचा कचेरीचा पत्ता आधीच छापलेला होता. इतर लेखक जिथे हक्क राखून ठेवतात तिथे त्यांनी लिहिले होते : 'या पुस्तकाचे कोणतेही हक्क राखलेले नाहीत. कोणीही छापावे, वाटावे, विकावे, बदलावे. अटी दोन. केलेला बदल लेखकास कळवावा. आणि पुढच्याला हाच हक्क द्यावा.'

छापखान्याच्या मालकाने हा मजकूर तीनदा वाचला.

"रामटेके, उद्या हेच पुस्तक मी माझ्या नावानं छापलं तं?"

"छापा ना. पण सुधारून छापा. अन् कार्ड टाका."

त्या काळी मी धरमपेठेतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. रामटेके आमच्या कात्रण विभागाचे प्रमुख. विभागात दुसरे कोणी नव्हते. पन्नाशीचे, बुटके, पांढऱ्या बुशशर्टातले. चष्म्याच्या घरात ते कात्री ठेवत आणि चष्मा खिशात मोकळा. रोज सकाळी नऊ वर्तमानपत्रे कापायची, कात्रणे विषयवार खाकी पाकिटांत घालायची आणि पाकिटे कपाटात लावायची, हे त्यांचे काम. काम साधे होते. रामटेक्यांना ते साधे वाटत नव्हते.

त्यांच्या पद्धतीचा पाया एक गुलाबी चिठ्ठी हा होता. कपाटातून कोणी पाकीट नेले की त्या जागी चिठ्ठी उभी राही. वस्तू कोणती, नेली कोणी, परत कधी. "वस्तू गेली तं जाऊ द्या," ते म्हणत, "जागा नाही गेली पायजे."

संपादकांनाही यातून सूट नव्हती. एकदा धरणांचे पाकीट घेऊन ते खोलीत गेले, तर पाठोपाठ रामटेके चिठ्ठी घेऊन दारात.

"रामटेके, अग्रलेख अडला आहे."

"अडू द्या साहेब. 'परत कधी' रिकामं आहे. तेवढं भरा."

संपादकांनी भरले. संध्याकाळी पाच. पाच वाजता रामटेके पुन्हा दारात होते.

पुढे चिठ्ठ्या कपाटाबाहेर पसरल्या. डबा खायला जाताना ते खुर्चीवर चिठ्ठी ठेवत : 'रामटेके. डबा. परत दीड वाजता.' कोणाला छत्री दिली की खुंटीवर चिठ्ठी लटके. वार्ताहरांनी यावर बरीच करमणूक केली. एकाने त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली : 'रामटेक्यांची अक्कल. नेणारा : पुस्तक. परत : माहीत नाही.' रामटेक्यांनी ती वाचली, खिशातून पेन काढून तारीख घातली आणि 'विनोद' या पाकिटात लावली.

पुस्तक निघाल्यावर ते त्याच्या प्रचाराला लागले. शाळांत गेले, कोर्टातल्या कारकुनांकडे गेले, डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णांच्या रांगेत बसले आणि नंबर आल्यावर पुस्तक पुढे केले. लोक लग्नात स्टीलचे डबे देत, रामटेके पुस्तक देत. नवरीच्या बापाला म्हणत, "संसार म्हणजे कागदच कागद, गा. रेशन कार्ड आलं, जन्माचे दाखले आले." सगळ्यांना शेवटी एकच वाक्य असे : "चूक दाखवा, चहा घ्या."

चहा कोणी घेतला नाही. अकरा वाजता पोस्टमन येई त्याआधी दहा मिनिटे रामटेके जिन्यात उभे राहात. कार्डे येत. एका मास्तरांनी बदलीसाठी कोणाला भेटावे असे विचारले होते. सावनेरच्या एका गृहस्थांनी, कार्ड फुकट आहे म्हणून, मुलाच्या लग्नाचे निमंत्रण लिहिले होते. रामटेके त्या लग्नाला गेले. आहेर म्हणून दुसरी प्रत दिली.

"दोनशे प्रती गेल्या, बातमीदार," एक दिवस ते मला म्हणाले. मी उपसंपादक होतो, पण ते मला नेहमी बातमीदारच म्हणत. "एक चूक नाही कोणाले सापडली."

"म्हणजे पुस्तक बरोबर आहे."

"नाही. म्हणजे कोणी वाचलं नाही."

त्या हिवाळ्यात संत्र्याच्या बाजारावर लिहायला मला काटोलला पाठवण्यात आले. रामटेक्यांना कळले तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज दिला. बसमध्ये मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन ते खिडकीशी बसले आणि पूर्ण रस्ताभर बोलले नाहीत. ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली, कारण तसे पूर्वी कधी घडले नव्हते.

बाजारात जमिनीवर वाळले गवत पसरून संत्र्यांचे ढीग लावलेले होते. माणसे उकिडवी बसून दोन्ही हातांनी फळे मोजत होती. एक शेतकरी चहाला उठला. त्याने खांद्यावरचा दुपट्टा आपल्या जागी अंथरला, वर दगड ठेवला आणि गेला. गर्दी होती, पण त्या जागेवर कोणी पाय ठेवला नाही. मी रामटेक्यांकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहात होते.

"ते तिथं," ते म्हणाले, "लाल पेन्सिल कानावर. त्याले एक प्रत देऊन या. मी इथं उभा राहतो."

"तुम्हीच चला ना."

"तुम्ही द्या, गा."

लाल पेन्सिलवाला माणूस एका अडत्याकडे फळे मोजत होता. मोजणी झालेल्या पेटीवर लाल खूण करत होता. चेहरा रामटेक्यांचा, फक्त दहा वर्षांनी लहान आणि उन्हात रापलेला. मी पुस्तक पुढे केले. त्याने आकडा तोंडात धरून ठेवला, पेटी संपवली, खूण केली आणि मग हात पुसून पुस्तक घेतले. पहिले पान पाहिले नाही. सरळ मधले उघडले, बोट ठेवून एक नियम वाचला आणि पुस्तक मिटून मला परत दिले.

"जसाच्या तसा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"एकोणिसावा. दादाले सांगा, मोजून राहिलो. टाइम नाही."

"तुम्ही त्यांचे भाऊ?"

"पुंडलिक. कागदावर आहो."

"चूक असेल तर कार्ड टाका. ते वाट पाहतात."

"कार्ड काहून टाकू? मी तं तोंडानं सांगतलं होतं. तोंडानं सांगतलेलं चालत नाही काय तुमच्या पद्धतीत?"

तो पुन्हा मोजायला बसला. मी वळलो तेव्हा त्याने हाक मारली. एका पिशवीत संत्री भरली, तोंडाशी सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिली. "तुमच्यासाठी आहेत," तो म्हणाला. "त्याले सांगू नका मी देल्ली म्हणून."

मी सांगितले नाही. परतीच्या बसमध्ये रामटेक्यांनी पिशवीची गाठ पाहिली.

"ही गाठ पुंडलिकची होय," ते म्हणाले. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. नागपूर येईपर्यंत गाठ सोडली नाही.

घरी आल्यावर मी एकोणिसावा नियम वाचला. तो असा होता : 'नेलेली वस्तू तीन महिन्यांत परत न आल्यास चिठ्ठी काढून टाकावी व जागा भरून घ्यावी.' समोरचे पान कोरे होते.

बाकीचा तपशील मला पुढच्या उन्हाळ्यात मिळाला. रामटेके तापाने आजारी पडले आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिली, म्हणून मी प्रताप नगरात त्यांच्या घरी गेलो. आतल्या खोलीत ते झोपले होते. त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, मला पाणी दिले आणि किल्ली शोधायला लागल्या. घरात किल्लीची जागा ठरलेली होती, पण ती नियमाप्रमाणे असल्यामुळे त्यांना सापडत नव्हती.

पुढच्या खोलीत दाराशेजारी चार खिळे होते. तीन खिळ्यांवर छत्री, पिशवी आणि रामटेक्यांची टोपी. चौथ्यावर गुलाबी चिठ्ठी. गुलाबी म्हणायचे एवढेच, उन्हाने ती जवळजवळ पांढरी झाली होती. 'दुपट्टा. नेणारा : पुंडलिक. परत :' पुढे काही नव्हते. नेल्याची तारीख आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली होती.

"हिला वर्ष झालं," मी म्हणालो. "तीन महिन्यांचा नियम आहे ना?"

"तो नियम दुसऱ्याईले आहे, भाऊ," सुमनताई म्हणाल्या. "मी झाडताना हात लावला तं जेवले नाहीत दोन टाइम."

त्यांनी सांगितले ते असे. पुंडलिक दर महिन्याला काटोलहून येई आणि आल्याबरोबर दुपट्टा त्या खिळ्यावर अडकवी. गेलेल्याची जागा राखायची ही रीत बाजारातली. ती भावाला त्यानेच सांगितली आणि चिठ्ठी त्यातून निघाली. पुस्तक लिहून झाले तेव्हा हस्तलिखित सगळ्यांत आधी त्याला वाचायला दिले. त्याने ते सबंध वाचले आणि लाल पेन्सिलीने एकाच ठिकाणी लिहिले : 'काढू नये.' त्या दिवशी घरी छापखान्याचे मालक आणि दोन शेजारी बसले होते.

"पुंडलिक म्हणे, दादा, आमच्या बाजारात माणूस येईपर्यंत दुपट्टा कोणी उचलत नाही. तीन महिने कोणं ठरवलं? हे म्हणाले, तू संत्री मोज. पुस्तकात नको पडू." एव्हाना सापडलेली किल्ली त्यांनी पदराने पुसली. "सगळे हासले. तो नाही हासला. दुपट्टा घेतला अन् निंगाला. जेवायचं ताट वाढून होतं."

"मग यांनी?"

"यायनं काय? चिठ्ठी लिवली."

आतून रामटेक्यांचा आवाज आला. "सुमन, कोण आहे वं?"

"तुमचे बातमीदार."

"त्याईच्याकडून किल्लीची चिठ्ठी लिहून घे."

मी लिहून दिली.

दुसरी आवृत्ती पुढच्या दिवाळीला निघाली. पहिलीच्या चाळीसेक प्रती अजून शिल्लक होत्या, त्यामुळे दुसरीची गरज काय, हे छापखान्याच्या मालकाला समजले नाही. रामटेके म्हणाले, चूक सापडली आहे. एकशे बारा पानांत बदललेल्या ओळी दोन होत्या. एकोणिसावा नियम आता असा होता : 'नेलेली वस्तू परत येईपर्यंत चिठ्ठी काढू नये, मग कितीही दिवस लागोत.' त्याखाली बारीक टायपात : 'ही सुधारणा, तसेच चिठ्ठीची मूळ कल्पना, पुंडलिक रामटेके, काटोल, यांची. लेखकाने ती वेळेवर घेतली नाही.'

पहिली प्रत त्यांनी बुकपोस्टाने काटोलला पाठवली. पत्ता तीनदा तपासला. आत कार्ड ठेवले. त्यानंतर ते पोस्टमनच्या वेळेला जिन्यात उभे राहीनात. अकरा वाजले की कपाटाच्या मागे जात आणि पाकिटे लावत. लावलेलीच पाकिटे ते पुन्हा लावत, हे मी पाहिले आहे.

दिवाळी गेली. बाजारात आंबिया बहाराची संत्री आली. कार्ड आले नाही. वार्ताहरांनीही विनोद करणे सोडून दिले होते.

डिसेंबरच्या एका मंगळवारी पोस्टमनने टपाल माझ्या टेबलावर टाकले. त्यात रामटेक्यांचे छापील पत्त्याचे एक कार्ड होते. मजकूर लाल पेन्सिलीने लिहिलेला होता : 'सातवा नियम पण चूक आहे. कार्डावर मावत नाही. पुंडलिक.'

मी कार्ड कपाटामागे नेऊन दिले. रामटेक्यांनी खिशातून चष्मा काढला, वाचले, चष्मा काढून पुसला आणि परत वाचले. मग त्यांनी कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली. किल्लीची चिठ्ठी मागितली नाही. काटोलची बस साडेअकरा वाजता असे. तिला पंचवीस मिनिटे होती.

ते गेल्यावर मी त्यांच्या टेबलाकडे गेलो. खुर्चीवर चिठ्ठी होती. 'रामटेके. काटोल. परत :' पुढची जागा कोरी होती.