वाळ्यांचं गणित

नत्थूजी सोनारांनी सुमतीला बजावलं होतं, “बाई, दर दोन भोकांनंतर तार शेगडीत लाल करून घ्या. नाही तर चांदी अडून बसते.” सुमतीने मान हलवली आणि विसरून गेली. नवरा, मुकुंद, पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवत असताना शेगडीचं काय ऐकायचं?

उद्या बाळाचं उष्टावण. वाळ्यांसाठी सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, आपल्या तोड्याची चांदी पाठवली होती आणि दुपारच्या बसने त्या सावनेरहून येणार होत्या. लग्नसराईत नत्थूजींना सवड नव्हती. त्यांनी चांदीची जाड तार आणि ओळीने लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी, म्हणजे जंत्री, हातात ठेवली. “ओढून आणा, मी वळून देतो.”

मुकुंदने आधी लॉग टेबल काढलं. मग जंत्री खिडकीच्या गजांमागे अडकवली, तारेला पक्कड लावली, पकडीला प्रयोगशाळेतला ताणकाटा.

“पहिल्या भोकाला एकतीस किलो,” तो म्हणाला. एकतीसलाच तार सरकली. दुसरंही हिशेबाप्रमाणे. तिसऱ्याला गणितात छत्तीस निघाले. काटा पन्नासवर गेला, तार हलेना.

“घर्षण कमी धरलं,” मुकुंद म्हणाला. बाळाचं मालिशचं तेल तारेला लागलं. तार तेलकट झाली, एवढंच.

“अहो, एक वाजला. आई येतील.”

“मग तूही धर.”

दोघांनी भिंतीला पाय लावले. काही तरी सरकलं. तार नव्हे, चौकटीसकट खिडकी.

दारात पिशवी घेऊन तुळजाबाई उभ्या होत्या. मुलगा आणि सून जमिनीवर आडवे, अंगावर खिडकी.

“काहून गा मुकुंदा, घर सोडून राहिला का?”

नत्थूजींना बोलवावं लागलं. त्यांनी तार शेगडीत लाल केली, निववली, जंत्री उंबऱ्याला अडकवून ओढली. मुकुंद ताणकाट्यावर वाकला.

“पाहा, छत्तीसच!”

“तुमचं गणित नरम चांदीचं होय, साहेब. ओढली का ते कडक होते. मी बाईले सांगितलं होतं.”

तुळजाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुमतीने बाळाकडे.

सकाळी वाळे तयार झाले. “सैल नको,” सुमती म्हणाली, “काढून तोंडात घालेल.” नत्थूजींनी टोकं दाबून पक्की केली. उष्टावण छान झालं.

याला दोन महिने झाले. बाळ बाळसेदार आहे आणि वाळे आता उतरत नाहीत. नत्थूजी उमरेडला लग्नाला गेलेत. काल मुकुंद बराच वेळ बाळाच्या पायाकडे बघत होता. “तेच गणित,” तो म्हणाला, “फक्त इथे पाय म्हणजे तार.” आणि घोट्याचा घेर मोजून लिहून घेतला.

सुमती आत्ता बर्डीच्या बाजारात रॉकेलच्या रांगेत आहे. पुढे सतरा बायका आहेत, रांग सोडता येत नाही. घरी मुकुंद आणि बाळ दोघंच. तुम्ही धंतोलीकडे निघाला असाल तर खिडकी नसलेलं घर विचारा, आणि बाळाला जरा बघून या.