रडायची ड्यूटी

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात माणूस मेला की नर्सनं रडायचं नाही, असा नियम होता. रडण्यानं शिस्त बिघडते आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट उगाच घाबरतो. नियम ठीक चालला होता.

मग कापसाचे अडते महादेवराव यांची आई वॉर्डात वारली. महादेवराव तेव्हा सिंदीला लिलावात होते, सुना घरी पापड लाटत होत्या. तेरवीला पाहुण्यांनी विचारलं, म्हातारीजवळ रडलं कोण? कोणीच नाही. महादेवराव तडक मोठे डॉक्टर मधुकरराव यांच्याकडे आले.

"डॉक्टरसाहेब, औषध लागू पडलं नाई, त्याचं काही म्हणणं नाई. पण माय अशी मुकाट गेली. तुमच्या नर्सबाया काय करून राह्यल्या होत्या?"

महादेवराव दवाखान्याच्या कमिटीवर होते, त्यामुळे मुद्दा डॉक्टरांना पटला. हुकूम निघाला: नातेवाईक हजर नसल्यास ड्यूटीवरच्या नर्सनं मृताजवळ रडावं. जनरल वॉर्डात डोळे ओले झाले तरी चालेल. स्पेशल खोलीतला आवाज मात्र व्हरांड्यापर्यंत गेला पाहिजे.

सोय झाली तसे नातेवाईक येईनासे झाले. पेशंट उतरवून लोक बैल न सोडताच परत फिरत. मेल्यावर मात्र बारीक चौकशी करत. एकानं तक्रार केली, की नर्स 'बाबा' म्हणून रडली, आमच्यात 'बुवा' म्हणतात.

अशात पंचफुला नर्सची आई आर्वीला अंथरुणाला खिळली. पंचफुलानं सुट्टी मागितली. डॉक्टरांनी समजावलं, की तिथे रडायला तुमची भावजय आहे. इथे स्पेशल खोलीत महादेवरावांचे सासरे शेवटच्या घटका मोजताहेत, त्यांचं कोण आहे? सासऱ्यांना चार मुलगे होते, पण ते कामात होते.

"साहेब, माही माय मले हाका मारून राह्यली."

"म्हणजे शुद्धीवर आहेत," डॉक्टर म्हणाले. "मग घाई कशाची?"

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ चिंधू सांगायला आला. माय गेली, माती बी झाली. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच महादेवरावांचे सासरे गेले. पंचफुला खोलीत गेली, खाटेची कड धरली आणि "माय वं" म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो थेट रस्त्यावर ऐकू गेला. म्हातारा पुरुष होता, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. महादेवराव नेमके तेव्हा पोचले. त्यांनी डोळे पुसले आणि असं अस्सल रडणं साऱ्या जिल्ह्यात झालं नाही, असं डॉक्टरांना सांगितलं.

पंचफुलाला लगेच मेमो मिळाला. इतकं चांगलं रडता येत असताना आजवर कमी का रडलात, याचा खुलासा करावा.

तेव्हा तुमची माय आमच्याकडे भरती असेल, तर जिवाला घोर लावून घेऊ नका. आपली कामं आटपा, सावकाश या. तिनं तुमच्या नावानं हाक मारलीच, तर पंचफुला ओ देते.