शेजाऱ्यांची झोप

चष्मेवाल्याने निरोप पाठवला आणि फोन खिशात टाकला. तो निरोप 'बँड'ऐवजी दोन्हीकडच्या माणसांच्या 'घर' ग्रुपवर गेलाय, हे त्याला कळलं तेव्हा सासूबाईंचा तो दोनदा ऐकून झाला होता.

'शेजाऱ्यांची झोप' हा रॉक बँड कॉलेजात तिघांनी काढला. ड्रमवर हा, गिटारवर एक लाजाळू मित्र आणि गायला भोंग्या. नाव शेजाऱ्यांनीच सुचवलं, भांडायला आले तेव्हा. पुढे ह्याने चष्म्यांचं दुकान टाकलं, गिटारवाला दातांचा डॉक्टर झाला आणि भोंग्या नोकरीसाठी सातासमुद्रापार गेला. उरलेले दोघे रविवारी बंद दवाखान्यात वाजवत. भोंग्याच्या ओळी आल्या की नुसता ताल धरून थांबत. दुसरा गायक शोधायचा विषय निघाला, की दोघांनाही एकदम तहान लागे.

त्या रविवारी त्यांनी जुनं गाणं रेकॉर्ड केलं आणि शेवटी चष्मेवाला फोनमध्ये बोलला, "तू नाहीस तर काही खरं नाही बघ. तुझी जागा तशीच ठेवलीय. चुकलो असेन, भांडलो असेन, पण ये ना परत."

पंचाईत अशी, की बायको रुसून माहेरी गेली होती. लग्नाच्या वाढदिवशी हॉटेलात ती मनातलं काही सांगत होती आणि हा चमच्यांनी टेबलावर ठेका धरून बसला होता. "मी आत्ता काय बोलले?" तिने विचारलं. ह्याने हळूच चमचे खाली ठेवले. "बोलावशील तेव्हा येईन," म्हणून ती गेली, आणि बोलवायची वेळ आली की ह्याच्या तोंडाला कुलूप.

आता ग्रुपवर पूर लोटला. "जावईबापू, डोळे भरून आले हो," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी वाद्यं जरा हळू हवी होती, असं कळवलं. ह्याच्या आईने विचारलं, "मला कधी म्हणालास रे असं?"

"खरं सांगून टाक," डॉक्टर म्हणाला.

"काय सांगू? तुला नाही, भोंग्याला बोलावत होतो म्हणून?"

"त्यापेक्षा दाढ काढून घे. कमी दुखेल."

संध्याकाळी सासरे तिला दारात सोडून चहाही न घेता परतले. चष्मेवाल्याने दिवसभर घोकलेलं वाक्य काढलं, "ऐक ना, तो निरोप..."

"भोंग्याभावजींसाठी होता. माहितीय."

"कसं कळलं?"

"गाण्यात मध्येमध्ये गप्प बसलात. माझ्यासाठी कधी गप्प बसलायस तू?" ती म्हणाली. "मीच पाठवला त्यांना. लगेच फोन आला. आधी नुसते हुंदके. मग म्हणाले, आता यायचं नाही जमणार. पोरं तिकडच्या शाळेत रमलीत."

तो तिथेच पायरीवर बसला. ती उभीच होती. त्याने विचारलं, "मग तू का आलीस?"

"एवढं बोलावलंस," बॅग उचलत ती म्हणाली, "कुणीतरी यायला हवं होतं ना."