कांद्याच्या स्टेशनवर रडलेली बाई

माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी प्रताप नगरात कुठेही उभी राहून सांगू शकते. भाजीवाला वजनात मारणार हे मला तो तराजू उचलण्याआधीच कळतं. घरात आलेल्या बाईच्या मनात काय आहे, हे ती दारात चप्पल कशी काढते यावरून मी सांगते. मी भांड्यांच्या कंपनीची एजन्सी घेतली तेव्हा आमचे मिस्टर, म्हणजे मार्तंड भोयर, एवढंच म्हणाले की विकणं तुला जमेल की नाही ठाऊक नाही, पण तुला फसवून कोणी जाणार नाही.

कंपनीचं ऑफिस धंतोलीत आहे, दवाखान्यांच्या गर्दीत. तिथे दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. शिकवणाऱ्या मॅडमनी बजावून सांगितलं की घरी पार्टी ठेवा, पण बायकांना वस्तू नुसत्या दाखवू नका, त्यांच्या हातात द्या. घरात चार जागा करा. एका जागी कांदा कापू द्या, एका जागी कणीक मळू द्या. या जागांना त्या स्टेशन म्हणायच्या. आणि पहिल्या पार्टीत पाच ऑर्डरी आल्या नाहीत तर एजन्सी परत घेऊ, असंही त्या हसत हसत म्हणाल्या. त्या हसल्या म्हणून मला झोप आली नाही.

आठ दिवस मी आखणी केली. डायनिंग टेबलावर कांद्याचं स्टेशन. त्यावरचा चॉपर ही आमची मुख्य वस्तू, दोरी ओढली की कांदा बारीक, आणि डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. शिलाई मशीनवर पाट टाकून कणकेचं स्टेशन. टीपॉयवर इंडक्शन ठेवून बिनतेलाची धिरडी. ओट्यावर कुकर, तीन शिट्ट्यांत डाळ शिजवून दाखवायची. खुशीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, चारही ठिकाणी रंगीत पाट्या लावल्या. सासूबाईंना मी आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला. त्या बाहेर आल्या की "आमी तं हातानंच करत होतो" म्हणतात, आणि ते धंद्याला बरं नाही.

काळजी एकच होती, दिपालीची. ती समोरच्या गल्लीत राहते आणि दोन वर्षांपासून दुसऱ्या कंपनीची भांडी विकते. मी एजन्सी घेतल्याचं कळल्यापासून ती माझ्याशी फारच गोड बोलायला लागली होती. सहा वर्षांत जी बाई रस्त्यात थांबली नाही, ती गेटपाशी थांबून "काही मदत लागली तर सांग" म्हणते, याचा अर्थ न कळायला मी काही कालची नाही. मी तिला बोलावलं नाही. पण ती कोणाला तरी पाठवणार याची मला खात्री होती.

शनिवारी चार वाजता चौदा बायका आल्या. दारातल्या चपला जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेल्या. मी स्वागताचं बोलायला उभी राहिले, तेवढ्यात दारात एक जोडपं दिसलं. साठीच्या पुढचे दोघं. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, तिच्या अंगावर फिक्कट लुगडं, हातात कापडाची थैली. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"भोयरचं घर हेच ना बाई?" बाईनं विचारलं. मी हो म्हटलं. मी गोपिका, आणि हे रुपराव, काटोलकडून बसनं आलो, एवढं बोलून दोघं आत आली. सोफ्यावर जागा होती, तरी भिंतीला टेकून खाली बसली. रुपरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोणाशी बोलणं नाही, हसणं नाही. खुशीनं चिवड्याची बशी पुढे केली तर गोपिकाबाईंनी हात जोडले. आज कसं खावं, म्हणाल्या.

मी तिथेच ओळखलं. खाल्लं की घ्यावं लागतं, म्हणून न खाणारं गिऱ्हाईक मी पाहिलं आहे. पण हे गिऱ्हाईकच नव्हतं. बायकांच्या पार्टीत पुरुष कशाला येईल? आणि प्रत्येक वस्तूकडे ती दोघं अशी बघत होती, जसं काही मोजून ठेवत आहेत.

मी मुद्दाम जवळ जाऊन बसले. गोपिकाबाईंनी माझा हात हातात घेतला आणि दबक्या आवाजात विचारलं, "कसं झालं वं बाई हे? आमाले तं कालच मालूम पडलं."

बरोबर, म्हटलं मनात, बातमी काढायला सुरुवात झाली. पण आपण घाबरलो नाही हे दाखवावं म्हणून मी मोकळेपणानं बोलले. "एकदमच झालं. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन दिवस धंतोलीत काढले, मग घरी आणलं."

"धंतोलीत नेलं होतं?"

"हो. तिथून खोक्यात घालून आणलं. मिस्टर आणि शेजारचे दोघं, तिघांनी मिळून जिन्यावरून वर चढवलं."

गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रुपरावांकडे पाहिलं. रुपरावांनी मान खाली घातली. "तरास तं नाई ना झाला?" त्यांनी विचारलं.

"कसला त्रास? उलट घरचे सगळे खूश आहेत," मी ठसक्यात सांगितलं. हे दिपालीपर्यंत पोचायलाच हवं होतं.

दोघांचे चेहरे असे पडले, की माझा बाण बरोबर लागला याबद्दल शंका उरली नाही.

पाणी आणायला उठले तेव्हा मी त्यांच्या थैलीत डोकावून पाहिलं. आत तुरीची डाळ होती, किलोभर तरी, आणि गुळाची ढेप. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुकरच्या स्टेशनवर तीन शिट्ट्यांत डाळ शिजवायची होती. ही बाई स्वतःची डाळ घेऊन आली होती, न शिजणारी, जुनी, खास निवडलेली! चौदा बायकांसमोर माझा कुकर नापास करायचा हा बेत होता. मी थैली उचलली आणि आत नेऊन सासूबाईंच्या खाटेखाली सरकवून दिली. त्या टीव्हीत गुंग होत्या.

मग मी ठरवलं की या दोघांचे हात रिकामे ठेवायचे नाहीत. बाकीच्या बायकांना खुशीवर सोडलं आणि रुपरावांना कणकेच्या स्टेशनवर नेऊन बसवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे. "आमाले बी करा लागते काय?" त्यांनी विचारलं. इथे आलेल्या प्रत्येकाला करावं लागतं, असं मी सांगितलं. त्यांनी बाह्या वर केल्या, हात धुतले, नमस्कार केला आणि मळायला लागले. किती माणसांचं करायचं, एवढंच विचारलं. मी सांगेपर्यंत त्यांनी डब्यातलं दोन किलो पीठ सगळं ओतून घेतलं. कंपनीचं भांडं बाजूला ठेवून ते आमच्या घरच्या परातीत, हातानंच मळत होते. बायका तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या.

गोपिकाबाईंना मी कांद्याच्या स्टेशनवर उभं केलं. माझा विचार साधा होता. चॉपर कितीही बिघडवायला पाहिला तरी बिघडत नाही, आणि सगळ्यांसमोर शत्रूच्याच हातून तो चालवून दाखवला तर त्यापुढे काही बोलायला नको. मी मोठ्यानं जाहीर केलं की आता बघा, डोळ्यांत पाण्याचा एक थेंब येणार नाही. चौदा बायका टेबलाभोवती जमल्या. काही जणींनी ऑर्डरचा कागद हातात घेतला होता, हे मी पाहिलं.

गोपिकाबाईंनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ थरथरले आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

त्या रडत होत्या आणि दोरी ओढत होत्या. पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं स्वतःचेच डोळे पुसले आणि हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला. मग दुसरीनं ठेवला. कांदा तो कांदाच, असं कोणीतरी मागून म्हणालं.

आठ दिवसांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मी गोपिकाबाईंचा हात धरला आणि त्यांना पॅसेजमध्ये नेलं. दार लोटून घेतलं.

"खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"त्या इस्त्रीवाल्यानं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कोपऱ्यावर विचारलं भोयरचं घर कोणतं, तं तो म्हणे गल्लीत दोन भोयर हायेत. मग इथं चपला दिसल्या एवढ्या, तं आमाले समजलं हेच घर."

"पण आलात कशाला?"

"भेटाले आलो वं माय. सासू गेली ना तुझी."

त्या क्षणी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. हातात कापडाची थैली. "मीनल, ही डाळ माझ्या खाटेखाली कोणं ठेवली वं?" त्यांनी विचारलं.

पुढचं सगळं उभ्याउभ्याच उलगडलं. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कवडूजी भोयर राहतात. त्यांच्या आई महिनाभरापूर्वी गेल्या, मीही भेटून आले होते. त्या गोपिकाबाईंच्या मामेबहीण. लग्नाआधी दोघी एका घरात वाढलेल्या, मग चाळीस वर्षं भेट नाही. कालच कोणाचा तरी फोन आला, त्यात कधी गेल्या ते कळलं नाही, आणि आज दुपारची बस पकडून हे दोघं निघाले. दुःखाच्या घरी चूल पेटते की नाही कोण जाणे, म्हणून शेतातली डाळ आणि गूळ बरोबर घेतला. शहरात, गेलेल्या माणसासाठी आलेल्या प्रत्येकानं स्वयंपाकाचं काहीतरी काम करायची रीत असेल, असं त्यांना वाटलं. रुपरावांनी म्हणून एवढी कणीक मळली. आणि कांदा कापताना गोपिकाबाईंना आठवलं, की लग्नघरी कांदे कापायला दोघी बहिणी नेहमी शेजारी बसायच्या.

माझे कान तापले. मी त्यांची माफी मागितली, थैली परत दिली. गोपिकाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, तुझी काय चूक पोरी. पण सासूबाईंचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांनी गोपिकाबाईंना शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या सुनेनं तुम्हाला नेमकं काय सांगितलं, ते नीट विचारलं. गोपिकाबाई भोळ्या. त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. एकदमच झालं म्हणे. खोक्यात घालून आणलं म्हणे. तरास काही नाही, घरचे सगळे खूश हायेत म्हणे.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "खूश हायेत काय?" त्यावर मी जे समजावून सांगायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे.

बायका केव्हाच पांगल्या होत्या. ऑर्डरी दोन आल्या, दोन्ही परातीच्या, आणि परात आमची कंपनी बनवतच नाही.

संध्याकाळी मी त्या दोघांना घेऊन कवडूजींकडे गेले. एवढं तरी करणं भाग होतं. रुपरावांनी मळलेल्या कणकेचा मोठा डबाही घेतला, कारण आमच्या घरी तेवढ्या पोळ्या कोण खाणार. तिथे गोपिकाबाई कवडूजींजवळ बसून हळू आवाजात बोलत राहिल्या, त्यांच्या आईच्या लहानपणाच्या गोष्टी. कवडूजी पहिल्यांदाच ऐकत होते. मला भरून आलं. मी भिंतीशी बसून पदरानं डोळे टिपत होते, तेव्हा कवडूजींची बायको पाण्याचा पेला घेऊन माझ्याजवळ आली. तिनं त्या दोघांकडे पाहिलं, कणकेच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीनलताई," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही भेटायलाच आलात ना? भांड्यांचं काही नाही ना?"

मी दुखावल्यासारखं नाही म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. तसं तिचं काही फार चुकत नव्हतं म्हणा. आल्यापासून मी दोनदा त्यांच्या ओट्याकडे पाहिलं होतं, आणि त्यांच्या कुकरचं हँडल सुतळीनं बांधलेलं होतं.