चपलांचा ऑफसाइड

आमच्या मजल्यावरचे भाई परब मॅचच्या दिवशी बायकोच्या हातचा चहा पीत नाहीत. भाई कॉलेजांच्या फुटबॉल मॅचचे रेफ्री, आणि वहिनींचा भाचा एका कॉलेजात शिकतो, एवढं कारण त्यांना पुरतं. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, अजून माझ्या चहावर संशय," असं वहिनी सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात. भाई स्वतःचा चहा स्वतः करतात, तो उतू घालवतात आणि ओटा वहिनींवर सोडून मैदानावर जातात.

कॉलेजात जाणारं पोर नाही असं घर आमच्या घोडपदेवला सापडणं कठीण. त्यामुळे मॅचच्या दिवशी भाई कुणाचंच काही घेत नाहीत. एकदा गणपतीत मॅच आली, तर आईने दिलेला मोदक त्यांनी डब्यात ठेवला आणि निकाल लागल्यावर खाल्ला.

मैदानावर तर विचारूच नका. लाइन्समन म्हणून दोन्ही कॉलेजं आपापला एकेक पोरगा देतात आणि त्यांचे झेंडे आपापल्या सोयीने वर जातात. भाई त्या झेंड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकटेच सगळीकडे धावतात आणि कुणी वाद घातला की एकच वाक्य, "मी बघलंय ता बघलंय."

आठ वर्षांपूर्वी त्यांनी माझा गोल असाच 'बघितला'. सेमीफायनल, शेवटची मिनिटं, मी कॉलेजसाठी मारलेला आयुष्यातला एकमेव गोल, आणि भाईंची शिट्टी. ऑफसाइड. आम्ही हरलो. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

मग भाईंनी मला ते पटवून द्यायला घेतलं, तेही चपलांनी. गॅलरीत दारादारासमोरच्या चपला गोळा करून ते मैदान मांडायचे. माझ्या दादाचे बूट म्हणजे समोरचा गोलकीपर, सावंत आजींची सँडल म्हणजे त्यांचा शेवटचा बचावपटू आणि माझी चप्पल म्हणजे मी. चप्पल आधी ते सँडलच्या मागे ठेवायचे, मग पायाच्या अंगठ्याने हळूच सँडलच्या वीतभर पुढे, बुटांच्या दिशेला सरकवायचे.

"पास सुटलो तेवा तू हय होतंस. ऑफसाइड."

मला काही पटलं नाही आणि ते काही थांबले नाहीत. प्रत्येक सणाला हा प्रयोग. मग अख्खा मजला चपला शोधत फिरायचा. एकदा सावंत आजी एका पायात सँडल आणि दुसऱ्यात माझी चप्पल घालून दवाखान्यात जाऊन आल्या.

गुडघ्यांनी पार दगा दिल्यावर गेल्या रविवारी भाईंनी शेवटची मॅच घेतली. संध्याकाळी बाहेर खुडबुड झाली म्हणून दार उघडलं, तर मैदान मांडलेलं. भाई रेफ्रीच्या शर्टातच खाली बसले होते. माझी चप्पल नेहमीप्रमाणे पुढे होती. त्यांनी ती हाताने ओढून सँडलच्या मागे आणली.

"तुझो गोल बरोबर होतो. मी चुकलंय."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. घराक पोचलंय तेवाच."

"मग आठ वर्षं हे काय चाललं होतं, भाई?"

"रेफ्री चुकलो म्हणान मीच बोललंय, तर फुडच्या मॅचीक पोरां माझा ऐकतली काय? आता शिट्टी कायमची ठेवलंय. आता बोलूक हरकत नाय."

या दिवसासाठी मी बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. पण त्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघून मला माझ्या गोलापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं. इतके सण हा माणूस चपला मांडून स्वतःचीच समजूत काढत होता.

"चहा टाकू?" मी विचारलं.

भाई हो म्हणणार तेवढ्यात वहिनी दारात आल्या. "मॅचच्या दिवशी दुसऱ्याच्या हातचा चहा घेणारच असतील, तर पहिला कप माझ्याकडचा," त्या म्हणाल्या. भाई भिंतीला धरून उठले आणि गुपचूप घरात गेले.

मी सगळ्यांच्या चपला जागच्या जागी नेऊन ठेवल्या. माझी तेवढी भाईंनी ठेवली होती तिथेच राहू दिली.