बिनलग्नाची शाखा

आमच्या हॉटेलांची पाचवी शाखा मी मिळवून दिली. हो, मीच, नववीतल्या मुलीने! घरात कुणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आमच्याकडे लग्न झालं की शाखा निघते. लोक नव्या जोडप्याला मिक्सर देतात, आजी हॉटेल देते. पहिलं आजी-आजोबांचं. मोठ्या काकाचं लग्न झालं, दुसरं निघालं. मग बाबांचं, मग मोठ्या आत्याचं. आजीचं गणित साधं आहे. एक जण पुढे गिऱ्हाइकांपाशी, एक जण मागे चुलीपाशी.

आता धाकट्या आत्याला नवराच नको, म्हणून तिला शाखाही नाही. खरं तर प्रत्येक शाखेचं स्वयंपाकघर तिनेच लावून दिलं, आचारी तिनेच तयार केले. नि दर वेळी ती परत आजीच्या हॉटेलात, त्याच जुन्या शेगडीपाशी. दुसऱ्यांच्या गाड्या ढकलून सुरू करून द्यायच्या आणि आपण पायी घरी यायचं, तसं!

अशात शाळेसमोरची बेकरी बंद पडली. दारावर 'भाड्याने देणे' अशी पाटी. मी आवाज जमेल तेवढा जाड काढून फोन लावला. मालक म्हणाले, "आधी तुमचं चालू स्वयंपाकघर बघेन, मग बोलू. रविवारी दुपारी येतो."

आजीला जागेचं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, लग्न कुणाचं? म्हणून मी एवढंच म्हणाले, "आजी, रविवारी धाकट्या आत्यासाठी एक जण येणार आहेत." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

विसरले ते एकच. आमच्याकडे जावई-सुना बघायची रीत जगावेगळी आहे. ऐन गर्दीत आजी त्या माणसाला मागे नेते, हातात सुरी देते आणि कांद्यांच्या पोत्यापुढे बसवते. कुरकुरला की बाद. माझी आई म्हणे कांदे चिरता चिरता गुणगुणत होती. जागच्या जागी पास!

रविवारी सगळं घर आजीच्या हॉटेलात हजर. मालक आले. डोक्यावर टक्कल, आणि पोट त्यांच्या आधी दारातून आत.

"जरा जास्तच पिकलंय," काकू कुजबुजली.

"पिकलेलंच गोड असतं," म्हणत आजी पुढे झाली. "या. स्वयंपाकघर बघायचंय ना?"

"हो, तेवढ्यासाठीच आलोय."

"नुसतं बघून काय कळणार? बसा." हातात सुरी.

"अहो, पण मी..."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

मी धावले, तर बाबांनी हातात पाण्याचा जग कोंबला. "तू पुढचं बघ. गिऱ्हाईक तहानेने चाललंय."

परत येऊन बघते तर मालकांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात चालू. आत्याला कशाचाच पत्ता नव्हता. तिला वाटलं, गर्दीसाठी कुणी मदतनीस आणलाय.

"काका, बारीक चिरा. विटा पाडताय की कांदे?"

"हो ताई."

आजीने बाबांना कोपर मारलं. "आत्तापासून ऐकतोय बघ."

गर्दी ओसरल्यावर आत्याने त्यांना रस्सा-भात वाढला. मालकांनी ताट बोटाने पुसून काढलं, तृप्त सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "बायकोला आणायला हवं होतं."

बाबांच्या हातातला झारा खाली पडला.

"बायकोला?" आजी म्हणाली.

"हो. नातवंडांनाही आवडेल."

सगळ्यांच्या माना टेबलफॅनसारख्या एकदम माझ्याकडे वळल्या. मी एका दमात सगळं ओकून टाकलं.

आत्या ओरडेल म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. तिने मालकांनाच विचारलं, "बेकरीची भट्टी आहे अजून?"

"आहे. उत्तम आहे."

"एकटीला नाही जमायचं," आजी म्हणाली. "नवरा-बायको असले की दुकान टिकतं."

"आजी, माझे मागचे दोन्ही भाडेकरू नवरा-बायकोच होते," मालक डोळे पुसत म्हणाले. "भांडले, नि दुकानाला कुलूप. मला आता एकटंच माणूस हवंय. भांडायचं कुणाशी?"

"आई, सगळ्यांची स्वयंपाकघरं मी उभी केली," आत्या हळूच म्हणाली. "तेव्हा कुठे होता माझा नवरा?"

आजीने एकदा त्या जुन्या शेगडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि पुढे कोण उभं राहणार?"

"मी!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की गिऱ्हाइकं आत डोकावली. "रविवारी! आणि रोज शाळा सुटल्यावर!"

आजीने पदराने हात पुसले आणि ती आत्याकडे वळली. "जाताना ती जुनी शेगडी घेऊन जा. तिच्याशिवाय तुझा हात चालत नाही."

आत्या कांद्यांपासून लांब उभी होती. तरी डोळे पुसत होती.

उद्घाटनाला रांग थेट शाळेच्या फाटकापर्यंत! आमचे गणिताचे सरसुद्धा रांगेत. आत्याच्या नावाची पाटी झळकत होती, नुसत्या तिच्या एकटीच्या. मी नवा कोरा ड्रेस घालून दारात उभी राहिले, तेवढ्यात आजी आली. हातात सुरी.

"परीक्षेशिवाय आमच्या शाखेत कुणी उभं राहत नाही."

दुसऱ्या कांद्यालाच मी कुरकुरले.

तर आता पुढे मालककाका उभे असतात. ते आधीच पास झालेले ना! टक्कल चमकवत गिऱ्हाइकांना अदबीने बसवतात. पहिल्या टेबलावरून त्यांची बायको बघत असते आणि आल्यागेल्याला सांगते, "घरी यांनी कधी कांदा उचलून इकडचा तिकडे ठेवला नाही हो!"

पाचवी शाखा मीच मिळवून दिली, हे तुम्हाला समोर येऊन ऐटीत सांगितलं असतं. पण अजून अर्धं पोतं बाकी आहे.